मिशी, मुकुट आणि मोडका माईक-स्टँड

फ्रेडी मर्क्युरी हा ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा मुख्य गायक. मूळ नाव फारोख बलसारा, घराणे पारशी, जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये. ५ सप्टेंबर २०२६ रोजी त्याच्या जन्माला ८० वर्षे पूर्ण होतात. त्याला स्वतःला पंचेचाळीस वर्षांचेच आयुष्य लाभले, पण त्याचा वाढदिवस आजही साजरा होतो आणि तोही हसतखेळत. २०१० पासून ‘फ्रेडी फॉर अ डे’ या उपक्रमात चाहते त्या दिवशी नाकाखाली जाड काळी मिशी चिकटवतात, पिवळे जाकीट चढवतात, कोणी कागदी मुकुट घालून कामावर जातो, आणि या सोंगाच्या निमित्ताने जमलेला पैसा एड्सविरोधी कामाला दिला जातो. एरवी थोर कलावंताच्या जयंतीला हार आणि भाषणे ठरलेली असतात. फ्रेडीच्या जयंतीला मात्र त्याचे सोंग आणणे हाच मान समजला जातो, आणि तो योग्यच आहे. भव्य गाणे आणि मनमुराद थट्टा या दोन गोष्टी त्याने कधी वेगळ्या मानल्या नाहीत. थट्टेसाठीही त्याने गाण्याइतकीच मेहनत घेतली.

त्याचे वडील बोमी बलसारा झांझिबारमधील ब्रिटिश सरकारी कचेरीत रोखपाल होते. आई जेर. दोघेही मूळचे गुजरातेतले. आठ वर्षांच्या फारोखला त्यांनी शिक्षणासाठी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीला धाडले. तिथल्या सेंट पीटर्स या मुलांच्या निवासी शाळेत तो सुमारे आठ वर्षे राहिला. सातारा जिल्ह्यातले हे थंड हवेचे गाव तेव्हाही निवासी शाळांसाठी प्रसिद्ध होते. आईबाप समुद्रापलीकडे असल्याने सुट्टीत इतर मुले घरी जात तेव्हा तो मुंबईत मावशी आणि आजीकडे जाई. फारोखचा ‘फ्रेडी’ याच शाळेत झाला. वरच्या जबड्यात चार दात जादा असल्याने पुढचे दात बाहेर आले होते, त्यावरून पोरे त्याला ‘बकी’ म्हणून चिडवत. तो टेबल टेनिसमध्ये शाळेचा विजेता होता आणि मुष्टियुद्धातही उतरे. पत्रातून हे कळल्यावर आईने मुष्टियुद्ध बंद करायला लावले.

रेडिओवर एकदा ऐकलेली चाल तो पियानोवर जशीच्या तशी वाजवतो, हे शिक्षकांच्या लक्षात आले. मुख्याध्यापकांनी पालकांना पत्र लिहून, थोडी जास्त फी भरून मुलाला रीतसर पियानो शिकवावा, असे सुचवले. त्याने चौथ्या श्रेणीपर्यंतची परीक्षा दिली. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात बास गिटार नव्हती. तिच्या जागी चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेले वाद्य होते, ते फारंग इराणी वाजवी. गायक ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर बसे. लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजत, आणि गावातल्या मुलींच्या शाळेतून आलेल्या श्रोत्या किंचाळून दाद देत. पुढे या पाचांतले इराणी पुण्यात सिझलरसाठी नावाजलेले हॉटेल चालवू लागले, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाले, डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. पाचगणीच्या बँडमध्ये फ्रेडी मुख्य गायक नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे स्टेजवर दिसलेला राजा लाजाळू स्वभावावर मात करून उभा राहिला होता. मुलाखत देताना दात दिसू नयेत म्हणून वरचा ओठ खाली ओढून घेण्याची सवय त्याची शेवटपर्यंत गेली नाही.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेले. लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात त्यांनी बिऱ्हाड केले. फ्रेडीने काही काळ त्या विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले, ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये ड्रमर रॉजर टेलरच्या जोडीने जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि टेलर यांच्याबरोबर तो बँडमध्ये आला. नाव ‘क्वीन’ ठेवायचे, हा हट्ट त्याचा. स्वतःचे आडनावही त्याने बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये जॉन डीकन बास गिटारवर आला आणि चौकडी पुरी झाली. खिशात पैसे नसताना या मंडळींनी राजचिन्ह मात्र तयार करून ठेवले. तेही फ्रेडीनेच काढले होते. त्यात टेलर आणि डीकन यांच्या सिंह राशीचे दोन सिंह आहेत, मेच्या कर्केचा खेकडा आहे, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आहेत आणि सगळ्यांच्या वर पंख पसरलेला फीनिक्स पक्षी. इंग्लंडच्या राजघराण्याच्या ढालीची ही नक्कल आहे, पण तिची एकेक रेघ मन लावून काढलेली आहे.

त्याची सर्वांत ओळखीची वस्तू अपघाताने हाती आली. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात जड माईक-स्टँड मधूनच तुटला. बुड खाली राहिले, वरची दांडी हातात आली. गाणे न थांबवता तो ती दांडी घेऊन नाचत राहिला आणि नंतर कायम तसाच बुडाविना स्टँड वापरू लागला. त्या दांडीची मग कधी गिटार होई, कधी तलवार, कधी राजदंड. दुसऱ्या गायकाने नवा स्टँड मागवला असता.

दात मात्र त्याने कधीच दुरुस्त करून घेतले नाहीत. जादा दातांमुळेच तोंडात आवाजाला जागा मिळते, ते काढले तर आवाज बदलेल, अशी त्याला धास्ती होती. त्याच्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यास २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील ख्रिस्तियान हेर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. मुलाखतींतल्या बोलण्यावरून तो मुळात बॅरिटोन, म्हणजे मध्यम खालच्या पट्टीचा असल्याचे त्यांना दिसले, तरी गाताना तो सहज वरच्या पट्टीत जाई. त्याच्या स्वरातील कंप सेकंदाला सुमारे सात वेळा होई, प्रशिक्षित गायकांत सामान्यतः आढळतो त्याहून किंचित जलद आणि अनियमित. स्वर फाडून गाताना मुख्य स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या घड्याही थरथरत असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. चार सप्तकांच्या पल्ल्याची जी ख्याती आहे, तिला मात्र या अभ्यासात पुरावा मिळाला नाही. त्याने फ्रेडीचे काहीच उणे होत नाही. त्याचा पराक्रम आवाज क्षणात बदलण्याचा होता. एकाच गाण्यात तो लाडिक कुजबुजे, चर्चमधल्या समूहासारखा गाई आणि लगेच डरकाळी फोडी.

या बदलांचा कळस म्हणजे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी बाहेर आलेले ‘बोहेमियन रॅप्सडी’. पावणेसहा मिनिटांहून मोठे, ठरलेले ध्रुवपद नसलेले, सुरुवातीला शोकगीत, मध्ये नाटकी ऑपेरा, शेवटी कर्कश रॉक. इतके लांब गाणे रेडिओ लावणार नाही, असे रेकॉर्ड कंपनीचे म्हणणे होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट याने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवले, आणि पुढे ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मधला ऑपेरा ऐकताना शेकडो माणसे गात आहेत असे वाटते. प्रत्यक्षात तिथे मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच आहेत. दिवसाचे दहा-बारा तास गाऊन त्यांनी आवाजावर आवाज चढवले, इतके की टेप झिजून तिच्यातून आरपार दिसू लागले होते. या भागात इटालियन विनोदी रंगभूमीवरच्या पात्राला हाक आहे, गॅलिलिओचे नाव आहे, बिस्मिल्लाह आहे. ऐकणारा हसतो आणि त्याच वेळी त्याच्या अंगावर काटा येतो. पुढे २०२३ मध्ये या गाण्याचे हस्तलिखित उजेडात आले तेव्हा दिसले की, त्याने ते एका विमान कंपनीच्या जुन्या कागदांवर लिहिले होते आणि त्यावर आधी ‘मंगोलियन रॅप्सडी’ असे लिहून नंतर मंगोलियन खोडले होते. गाणे ज्या अल्बममध्ये आहे त्याचे आणि त्याच्या पुढच्या अल्बमचे नाव, ‘अ नाइट अॅट दि ऑपेरा’ आणि ‘अ डे अॅट द रेसेस’, ही दोन्ही मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटांची आहेत. बँडच्या सर्वांत महत्त्वाकांक्षी कामाला विदूषकांच्या चित्रपटाचे नाव देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

फ्रेडीला बॅलेचे वेड होते. १९७७ मध्ये पंक बँड ‘सेक्स पिस्टल्स’ शेजारच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत असताना त्यांचा सिड व्हिशस आत डोकावला आणि बॅले जनतेपर्यंत पोहोचवलेस का, असे खोचकपणे विचारले. फ्रेडीने त्याच्या दहशत बसवणाऱ्या नावाचीच टर उडवून त्याला वाटेला लावले. प्रश्नाचे खरे उत्तर त्याने ७ ऑक्टोबर १९७९ रोजी दिले. लंडनच्या कोलिसियम नाट्यगृहात रॉयल बॅलेच्या मदतनिधी-प्रयोगात तो स्वतः उतरला. नर्तकांनी त्याला उचलले, फिरवले, उलटे केले आणि या सगळ्यात तो गात होता. तयारीच्या तालमींत अंगाचा सांधा न् सांधा दुखला, पण त्याने माघार घेतली नाही. तिथे गायलेल्या दोन गाण्यांपैकी ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ हे त्याने काही महिन्यांपूर्वी म्युनिकच्या हॉटेलात टबमध्ये आंघोळ करता करता पाच-दहा मिनिटांत रचले होते. ते गिटारवर रचले आणि गिटार आपल्याला फारशी येत नाही याचा फायदाच झाला, असे तो सांगे. जेवढे स्वरमेळ माहीत होते तेवढ्यात गाणे बसवावे लागले. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेले.

१९८० मध्ये केस बारीक झाले आणि मिशी आली. आज हीच मिशी त्याची खूण आहे, पण त्या वर्षी अमेरिकेतल्या चाहत्यांना ती मुळीच रुचली नाही. निषेध म्हणून ते स्टेजवर दाढीची पाती फेकत. त्याने मिशी मात्र ठेवली. १९७८ च्या ‘बायसिकल रेस’ या गाण्यात त्याने ‘स्टार वॉर्स’ आवडत नसल्याचे जाहीर केले होते, आणि याच १९८० च्या दौऱ्यात तो त्या चित्रपटातील काळ्या डार्थ वेडरचा वेश केलेल्या माणसाच्या खांद्यावर बसून आला.

मिशीचा सर्वांत गाजलेला प्रताप १९८४ चा. ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ हे गाणे डीकनचे. त्याच्या चित्रफितीत चौघांनी ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश दूरदर्शन मालिकेतल्या बायकांची सोंगे घेतली. मे केसांना गुंडाळ्या लावून झोपेतून उठतो, टेलर शाळकरी मुलगी झाला आहे, डीकन म्हातारी. फ्रेडी चामड्याच्या तोकड्या स्कर्टमध्ये धूळ ओढायचे यंत्र फिरवतो, कानात डूल, केसांचा टोप आणि मिशी तशीच. गवळणीतली मावशी पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला यातला खेळ समजावून सांगावा लागत नाही. ब्रिटनमध्ये लोक खदखदून हसले. अमेरिकेत मात्र नाराजी पसरली, आणि तिथला बँडचा बाजार त्याने बसला, असे मे पुढे सांगत आला आहे. १९८२ नंतर फ्रेडीसह क्वीनने अमेरिकेचा दौरा केलाच नाही. या चित्रफितीच्या मध्यभागी रॉयल बॅलेच्या नर्तकांबरोबरचा एक भाग आहे. त्यात तो बॅले नर्तक निजिन्स्कीच्या प्रसिद्ध नृत्यातला वनदेव आहे, आणि त्यासाठी त्याने मिशी काढली. स्कर्टसाठी ठेवलेली मिशी नृत्यासाठी उतरवली, इतका त्याचा या कलेविषयीचा आदर खरा होता.

१३ जुलै १९८५ रोजी वेम्बली स्टेडियमवर, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी भरवलेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. बँडने ती आधी रीतसर तालीम करून घड्याळ लावून बसवली होती. पांढरा बनियन, फिकट जीन्स, दंडाला पट्टा आणि हातात तीच अर्धी दांडी. मध्येच वाद्ये थांबवून त्याने बहात्तर हजार लोकांची शिकवणी घेतली. एक तान स्वतः घ्यायची, लोकांकडून म्हणवून घ्यायची, मग आणखी अवघड तान. लोक अडखळले की तो हसे, जमले की शाबासकी देई. या तानांना शब्द नव्हते. दिवसभरात मोठमोठे कलावंत येऊन गेले, पण मैदान त्याच्या नावावर झाले, हे त्यांच्यातल्या कित्येकांनी मान्य केले. १९८६ च्या अखेरच्या दौऱ्यात तो इंग्लंडच्या राज्याभिषेकातल्या मुकुटासारखा मुकुट आणि फर लावलेला लालभडक झगा घालून निरोप घेई. वेशभूषाकार डायना मोझली. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला झालेला कार्यक्रम शेवटचा ठरला.

वाढदिवस तो याच थाटात करी. एकोणचाळिसावा १९८५ मध्ये म्युनिकच्या एका क्लबात झाला. पाहुण्यांनी काळ्या-पांढऱ्या वेशात, शक्यतो बायकांचे कपडे घालून यावे, अशी अट होती. त्याचे चित्रीकरण पुढे ‘लिव्हिंग ऑन माय ओन’च्या चित्रफितीत वापरले गेले. चाळिसावा लंडनच्या ‘गार्डन लॉज’ या त्याच्या घरी झाला, तिथे प्रत्येकाने विचित्रातली विचित्र टोपी घालायची होती. एकेचाळिसावा १९८७ मध्ये इबिझा बेटावरच्या पाइक्स हॉटेलात. त्याच्यासाठी बार्सिलोनातल्या गाउदीच्या सग्रादा फॅमिलिया चर्चच्या आकाराचा केक मागवला होता. तो वाटेतच कोसळला, आणि ऐनवेळी दुसरा लांबलचक केक करून त्यावर ‘बार्सिलोना’ गाण्याच्या सुरावटी काढल्या, अशी आठवण हजर असलेल्यांनी लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी त्याला एचआयव्हीचे निदान झाले होते. आतषबाजी आणि गाणेबजावणे करणाऱ्या यजमानाला ते माहीत होते, बहुतेक पाहुण्यांना नव्हते.

‘बार्सिलोना’ हे त्याचे ऑपेरा गायिका मोंसेरात काबाये हिच्याबरोबरचे गाणे. तिच्या आवाजावर तो लुब्ध होता. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनातल्या रिट्झ हॉटेलात पहिल्या भेटीला जाताना हा स्टेडियम हलवणारा माणूस भीतीने अस्वस्थ होता. दोघांचा पूर्ण अल्बम १९८८ मध्ये आला. रॉक गायकाने ऑपेराच्या वाटेला जाऊ नये, असे मानणारे लोक तेव्हा दोन्हीकडे होते. काबायेने मात्र त्याला बरोबरीचा संगीतकार मानले, आणि तेच निर्णायक ठरले.

घरी परतल्यावर या राजाचे खरे धनी मांजरे होती. दौऱ्यावरून तो घरी फोन करी आणि मांजरांशी बोले, दुसऱ्या टोकाला कोणीतरी रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरी. १९८५ चा त्याचा एकल अल्बम ‘मिस्टर बॅड गाय’ जेरी या मांजराला अर्पण केलेला आहे, सोबत टॉम, ऑस्कर, टिफनी आणि विश्वातले तमाम मांजरप्रेमी. लाडकी डिलायला हिच्यावर त्याने अख्खे गाणे केले. ते १९९१ च्या ‘इन्युएंडो’ या अल्बममध्ये आहे. तिने उंची फर्निचरवर केलेल्या घाणीची तक्रारही त्यात आहे, आणि ब्रायन मेने गिटारमधून मांजराचे म्याव काढले आहे. तेव्हा फ्रेडीला उभे राहणेही जड जात होते. मे १९९१ मध्ये चित्रित झालेल्या शेवटच्या चित्रफितीत त्याने घातलेल्या जाकिटावर त्याच्या मांजरांची चित्रे रंगवलेली आहेत.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने एड्स झाल्याचे निवेदन प्रसिद्ध केले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. अंत्यविधी आईवडिलांच्या श्रद्धेप्रमाणे पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून केला. महिन्याने, नाताळच्या दिवशी, त्याचा मित्र एल्टन जॉन याच्या दारी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक वस्तू पोहोचली. आत हेन्री स्कॉट टूक या चित्रकाराचे चित्र होते आणि चिठ्ठी. एल्टनला उद्देशून ‘शॅरन’ आणि खाली सही ‘मेलिना’, ही दोघांनी एकमेकांना थट्टेने ठेवलेली बायकी नावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने मित्रांच्या नाताळच्या भेटी आधीच निवडून ठेवल्या होत्या. एल्टनने ही हकिकत स्वतः लिहिली आहे.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली आणि तिच्या उत्पन्नातून मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट उभा राहिला. फ्रेडीच्या वाढदिवसाचा मिशीचा उपक्रम याच संस्थेचा. २०११ मध्ये पासष्टाव्या जन्मदिनी गूगलने आपल्या पानावर त्याची छोटी व्यंगचित्रफीत लावली. २०१६ मध्ये सत्तराव्या जन्मदिनाला, खगोलभौतिकीत डॉक्टरेट असलेल्या ब्रायन मेने जाहीर केले की, मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या १७४७३ क्रमांकाच्या लघुग्रहाला फ्रेडी मर्क्युरीचे नाव मिळाले आहे. तो लघुग्रह सापडला होता १९९१ मध्ये, फ्रेडी गेला त्याच वर्षी.

२०२३ मध्ये त्याची मैत्रीण आणि वारस मेरी ऑस्टिन हिने गार्डन लॉजमधील वस्तू लिलावात काढल्या. विक्रीआधी सदबीज या संस्थेने लंडनमध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले, ते ५ सप्टेंबरपर्यंत चालले, आणि इमारतीच्या प्रवेशद्वारावर एक अवाढव्य मिशी लावली होती. एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोक येऊन गेले. दुसऱ्या दिवशी बोली सुरू झाली. ज्या यामाहा पियानोवर त्याने आपली गाणी रचली तो सुमारे सतरा लाख पौंडांना गेला, मुकुट आणि झगा ६,३५,००० पौंडांना. मिशी विंचरण्याचा चांदीचा छोटा कंगवा जास्तीत जास्त सहाशे पौंडांना जाईल असा अंदाज होता, त्याला १,५२,४०० पौंड आले. सगळ्या विक्रीची बेरीज चार कोटी पौंडांच्या जवळ पोहोचली. तिचा काही भाग मर्क्युरी फीनिक्स ट्रस्टला आणि एल्टन जॉनच्या एड्स फाउंडेशनला देण्यात आला.